भवभूती : प्रेमात शरीर काय बोलतं, हे मांडणारा पदमपूरचा नाटककार

आवडत्या माणसाचं नाव मोबाइलच्या स्क्रीनवर दिसलं की छातीत धडधडायला लागतं. ते माणूस अचानक समोर आलं तर तळहात ओले होतात आणि बोलायचं ठरवलेलं नेमकं आठवत नाही. मोठं भांडण झालं की घास घशाखाली उतरत नाही. यातलं काहीच आपण ठरवून करत नाही. शरीर परस्पर करून मोकळं होतं आणि मग मनाला कळवतं.

आजचं विज्ञान हे काम चेतासंस्थेचं आहे असं सांगतं. त्या शब्दाचा पत्ताही नव्हता, त्या काळात विदर्भातल्या एका नाटककाराने प्रेमात पडलेल्या, दुरावलेल्या आणि परत भेटलेल्या माणसांच्या शरीराचं फार बारकाईने निरीक्षण केलं आणि ते रंगमंचावर आणलं. त्याचं नाव भवभूती. त्याचं मूळ गाव गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पदमपूर मानलं जातं.

तो कोण होता, त्याने काय लिहिलं आणि त्यातलं किती आजच्या विज्ञानाशी जुळतं, ते पाहू.

घराणं मोठं, नाव श्रीकंठ

संस्कृत कवींच्या आयुष्याची माहिती सहसा मिळत नाही. कालिदासाच्या आईवडिलांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. भवभूतीचं तसं नाही. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच्या घराची माहिती सूत्रधाराच्या तोंडी घालून ठेवली आहे.

त्यानुसार दक्षिणेकडे, विदर्भात, पद्मपूर नावाचं नगर होतं. तिथे कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे, काश्यप गोत्राचे, उदुंबर आडनावाचे ब्राह्मण राहत. पाच अग्नी राखणारं, सोमयाग करणारं हे घराणं. त्यात वाजपेय यज्ञ केलेला एक पूर्वज होऊन गेला होता. भवभूतीच्या आजोबांचं नाव भट्ट गोपाल, वडिलांचं नीलकंठ आणि आईचं जातुकर्णी. त्याचं स्वतःचं नाव श्रीकंठ. भवभूती हे नाव त्याला पुढे मिळालं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गुरूचं नाव ज्ञाननिधी. व्याकरण, मीमांसा आणि न्याय ही तिन्ही शास्त्रं त्याने पक्की केली होती आणि तसं तो अभिमानाने सांगतो.

थोडक्यात, यज्ञ आणि शास्त्रचर्चा यांच्या घरात वाढलेला हा मुलगा नाटकाकडे वळला. त्याने नटांशी आपली मैत्री असल्याचंही नोंदवून ठेवलं आहे. त्याच्या लिखाणातलं शरीराचं भान समजून घ्यायचं तर ही मैत्री लक्षात ठेवायला हवी. कोणता भाव चेहऱ्यावर कसा येतो, आवाज केव्हा फुटतो, हात केव्हा थरथरतो, हे नटाला रोज पाहावं लागतं.

पद्मपूर म्हणजे आमगावचं पदमपूरच कशावरून?

हा शोध महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या नावावर आहे. नागपूरला आयुष्य घालवलेले मिराशी ताम्रपट आणि शिलालेखांचे मोठे अभ्यासक. भवभूतीवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. छत्तीसगडच्या दुर्ग भागात वाकाटकांचा एक अपुरा राहिलेला ताम्रपट सापडला होता. तो पद्मपुराहून दिला जात होता. म्हणजे पद्मपूर हे वाकाटकांच्या काळात राजशासन निघण्याइतकं महत्त्वाचं ठिकाण होतं. हे पद्मपूर म्हणजेच आमगावजवळचं, जुने अवशेष असलेलं पदमपूर, असं मिराशींनी मांडलं. काही अभ्यासकांनी विदर्भातली दुसरी ठिकाणंही सुचवली, पण मिराशींचं मत सर्वाधिक मान्य झालं.

तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि पदमपूर त्यात आलं. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या आमगावात आज भवभूतीच्या नावाचं महाविद्यालय आहे. धानाची शेती आणि तलाव यांच्या या मुलखात त्याचं नाव असं रोजच्या वापरात राहिलं आहे.

कनौज, काल्पी आणि दुर्लक्ष

भवभूतीचा काळ साधारण आठव्या शतकाचा पूर्वार्ध. सातव्या शतकातल्या बाणभट्टाने जुन्या कवींची नावं घेतली, त्यात भवभूती नाही. इसवी सन ८००च्या सुमाराच्या वामनाने मात्र त्याचे श्लोक उदाहरणादाखल घेतले. म्हणजे तो या दोघांच्या मधला. कल्हणाची राजतरंगिणी त्याला कनौजच्या यशोवर्मा राजाच्या दरबारात दाखवते. याच यशोवर्म्याला पुढे काश्मीरच्या ललितादित्याने हरवलं. त्या दरबारातला दुसरा कवी वाक्पतिराज याने आपल्या गउडवहो या प्राकृत काव्यात भवभूतीचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे.

पण हा मान उशिरा आला असावा. त्याची तिन्ही नाटकं, महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित, दरबारात नव्हे तर कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असं त्यांच्या प्रस्तावना सांगतात. मिराशींच्या मते हे यमुनाकाठचं काल्पी. काहींना ते उज्जैनचं महाकाल मंदिर वाटतं. काहीही असलं तरी समोर यात्रेकरूंची गर्दी होती.

टीकाही झाली असणार, कारण मालतीमाधवच्या सुरुवातीला तो टीकाकारांना उत्तर देतो. हा खटाटोप तुमच्यासाठी नाही, माझ्या जातकुळीचा माणूस कधीतरी, कुठेतरी जन्मेल, काळाला अंत नाही आणि पृथ्वीही लहान नाही, अशा आशयाचं ते उत्तर आहे. ते वाचताना दुखावलेला माणूस दिसतो. त्याच्या एकाही नाटकात विदूषक नाही, हेही लक्षात घ्या. संस्कृत नाटकात हमखास हसवणारं हे पात्र त्याने वगळलं. त्याला भावना हसण्यावारी न्यायच्या नव्हत्या.

आठ सात्त्विक भाव आणि आजचं शरीरशास्त्र

भवभूतीच्या हाताशी एक तयार चौकट होती. भरताच्या नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. मन एखाद्या भावनेत पूर्ण बुडालं की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या या खुणा. मन त्यात नसेल तर नटाला त्या नुसत्या आव आणून दाखवता येत नाहीत, असं नाट्यशास्त्राचं म्हणणं आहे.

आज आपल्याला त्याचं कारण माहीत आहे. हात हलवणं आपल्या मर्जीत असतं. हृदयाचा वेग, घाम, रक्तवाहिन्यांचं आकुंचन हे मात्र स्वायत्त चेतासंस्थेकडे असतं आणि तिला हुकूम देता येत नाही. तिचे दोन मुख्य भाग आहेत. अनुकंपी म्हणजे सिंपथेटिक भाग शरीराला धावपळीसाठी सज्ज करतो. परानुकंपी म्हणजे पॅरासिंपथेटिक भाग शरीराला विसावा देतो. आता आठ भाव त्यांच्यापुढे मांडून पाहा.

- स्तंभ, म्हणजे जागच्या जागी थिजणं. अचानक तीव्र भावना उसळली की मेंदूच्या खोलवरच्या यंत्रणा हालचाल क्षणभर थांबवतात.
- स्वेद, म्हणजे घाम. तळहात आणि तळपायाच्या घामग्रंथी उन्हापेक्षा भावनेला जास्त प्रतिसाद देतात. त्यांना चालना अनुकंपी चेतातंतू देतात.
- रोमांच, म्हणजे अंगावर काटा. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. तो आकसला की केस उभा राहतो. हेही अनुकंपी भागाचंच काम.
- स्वरभंग, म्हणजे आवाज फुटणं. स्वरयंत्राला चेता पुरवणाऱ्या फांद्या व्हेगस या मेंदूतून निघणाऱ्या लांबलचक चेतेच्या असतात. स्वरयंत्राचे स्नायू ताणले आणि तोंड कोरडं पडलं की आवाज बदलतो.
- वेपथू, म्हणजे थरथर. ॲड्रेनलिन स्नायूंवर काम करू लागलं की हात कापतात.
- वैवर्ण्य, म्हणजे रंग उडणं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्या की चेहरा पांढरा पडतो, सैलावल्या की लाल होतो.
- अश्रू. डोळ्यांच्या अश्रुग्रंथींना मुख्य चालना परानुकंपी तंतूंकडून मिळते.
- प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं. तीव्र भावनेच्या धक्क्याने काही वेळा हृदयाचा वेग आणि रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो.

यावरून जुन्या लोकांना चेतासंस्था ठाऊक होती, असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांना खुणा दिसल्या होत्या. त्यामागची यंत्रणा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या प्रयोगांतून कळली. निरीक्षण एका काळाचं आणि स्पष्टीकरण दुसऱ्या काळाचं, अशी ही विभागणी आहे.

हे आठ भाव सगळेच संस्कृत नाटककार वापरत. भवभूतीने त्यांना कथेचा कणा केलं.

भीती आणि प्रेम एकाच वाटेने

मालतीमाधव हे दहा अंकांचं प्रेमनाटक. पद्मावती नगरीच्या मंत्र्याची मुलगी मालती आणि विदर्भाच्या मंत्र्याचा मुलगा माधव. दोघांच्या वडिलांनी विद्यार्थिदशेतच आपली मुलं एकमेकांना द्यायचं ठरवलेलं. पण राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यायची आहे. वडिलांना राजाला नाही म्हणता येत नाही. शेवटी कामंदकी नावाची वृद्ध बौद्ध भिक्षुणी डाव रचून दोघांना एकत्र आणते.

या नाटकात प्रेम आणि भीती सारख्या जोडीने येतात. पिंजऱ्यातून सुटलेला वाघ नंदनाच्या बहिणीवर, मदयंतिकेवर झेप घेतो. माधवाचा मित्र मकरंद तिला वाचवतो आणि जखमी होतो. तिथेच दोघांची मनं जुळतात. पुढे स्मशानात अघोरघंट नावाचा कापालिक मालतीचा बळी द्यायला निघतो आणि तिची किंकाळी ऐकून माधव धावतो. त्या दोघांच्या प्रेमाला धार येते ती त्या भयंकर रात्री.

सिनेमात हे आपण इतकं पाहिलंय की ते नाटकी वाटतं. पण यामागे शरीराचं एक वास्तव आहे. भीतीने आणि आकर्षणाने हृदयाची धडधड सारखीच वाढते, घामही सारखाच येतो. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ यावर प्रयोग केला. उंच, हलत्या झुलत्या पुलावर आणि दुसरीकडे साध्या भक्कम पुलावर एक तरुणी पुरुषांना प्रश्नावली भरायला सांगे आणि आपला फोन नंबर देई. झुलत्या पुलावर भेटलेल्यांपैकी जास्त जणांनी तिला नंतर फोन केला. पुलाच्या भीतीने झालेली धडधड त्यांच्या मनाने तरुणीच्या खात्यावर टाकली, असा अर्थ लावला गेला. त्या अर्थाबद्दल वाद आहेत. तरीही मुद्दा उपयोगी आहे. शरीर फक्त खळबळ कळवतं. तिला नाव मन देतं, आणि ते कधी कधी चुकीचं नाव देतं.

म्हणूनच सतत भीतीत, भांडणात, अनिश्चिततेत ठेवणारं नातं कित्येकांना फार उत्कट वाटतं. त्यातली धडधड खरी असते. ती प्रेमाचीच असते असं नाही.

सुख की दुःख, हेच कळत नाही

भवभूतीची सर्वात मोठी कृती म्हणजे उत्तररामचरित. राम राज्यावर बसल्यानंतरची कथा.

पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण वनवासाची चित्रं पाहत आहेत. सीता गरोदर आहे, दमली आहे. ती रामाच्या अंगावर रेलून झोपी जाते. तिच्या स्पर्शाने रामाचं काय होतं, हे भवभूती सांगतो. त्याला ठरवता येत नाही की हे सुख आहे की दुःख, ही गुंगी आहे की झोप, अंगात विष भिनतंय की नशा चढतेय. प्रत्येक स्पर्शाला इंद्रियं बधिर होतात, जाणीव गोंधळते आणि मिटते.

प्रेमाचं इतकं प्रामाणिक वर्णन दुर्मीळ आहे. भावनेची सुरुवात शरीरात होते की मेंदूत, यावर विज्ञानातही मोठा वाद झाला. १८८४ मध्ये विल्यम जेम्स यांनी मांडलं की शरीरातले बदल आधी होतात आणि त्यांची जाणीव म्हणजेच भावना. १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी आक्षेप घेतला की वेगवेगळ्या भावनांत शरीरातले बदल बरेचसे सारखेच असतात, मग नुसत्या त्यांवरून भावना ओळखायची कशी? रामाचा गोंधळ नेमका इथलाच आहे. शरीर भरून आलंय, पण त्याला नाव देता येत नाहीये.

आणि याच क्षणी भवभूती घाव घालतो. दुर्मुख नावाचा हेर येऊन लोकांमधला सीतेबद्दलचा अपवाद सांगतो. राजा म्हणून राम तिला वनात सोडायचं ठरवतो. ती अजून झोपलेली आहे. तिच्यापासून दूर होताना तो तिच्या पायांवर डोकं ठेवतो, हा शेवटचा स्पर्श हे त्याला माहीत असतं. निर्णय राजाचा आहे आणि शरीर नवऱ्याचं. पुढचं सगळं नाटक या दोघांमधल्या भांडणाचं आहे.

पंचवटीतला तो स्पर्श

बारा वर्षं जातात. तिसऱ्या अंकात राम पुन्हा गोदावरीकाठच्या पंचवटीत येतो. गंगेच्या वरदानाने सीता तिथेच आहे, पण कुणालाही दिसत नाही. सोबत तमसा ही नदी-देवता आहे. जुन्या जागा पाहून राम कोसळतो. सीता त्याला हात लावते. तो शुद्धीवर येतो आणि दिसत काही नसतानाही स्पर्श ओळखतो.

नुसत्या स्पर्शात ओळख आणि धीर असू शकतो का? आपल्या त्वचेत दाब आणि कंप कळवणारे वेगवान तंतू असतात. त्यांचे निरोप सेकंदाला काही दहा मीटरच्या वेगाने मेंदूकडे जातात. केसाळ त्वचेत, म्हणजे हात, पाठ अशा ठिकाणी, आणखी एक जात असते. तिला सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. यांचा वेग सेकंदाला सुमारे एकच मीटर. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर अशा संथ गतीने, शरीराच्या उबेच्या हाताने कुरवाळलं की हे तंतू सर्वात जास्त जागे होतात. त्यांचा निरोप मेंदूतल्या इन्सुला या भागाकडे जातो, जिथे शरीराच्या आतली स्थिती आणि भावना यांची सांगड बसते. कुठे शिवलं हे सांगण्यापेक्षा कसं वाटलं हे सांगणं, हे त्यांचं काम.

२००६ मध्ये जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना त्यांना विजेचा सौम्य झटका बसण्याची धास्ती दिली गेली. एकटं असताना, अनोळखी माणसाचा हात धरून आणि नवऱ्याचा हात धरून अशा तिन्ही वेळा मेंदूची हालचाल मोजली. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागांची खळबळ सर्वात जास्त शमली. ज्यांचं नातं अधिक समाधानाचं होतं, त्यांच्यात हा परिणाम अधिक होता. म्हणजे हात कुणाचा आहे आणि त्याच्याशी आपलं नातं कसं आहे, हे चेतासंस्था हिशेबात धरते.

पण भवभूतीची खरी कमाल सीतेच्या बाजूला आहे. तिच्यावर अन्याय झाला आहे. तिच्या मनात राग आहे, मान दुखावलेला आहे. तरी रामाला शिवताच तिला घाम येतो, काटा येतो, ती थरथरते. वाऱ्याने हललेली, पहिल्या पावसात भिजलेली, कळ्यांनी फुललेली कदंबाची फांदी जशी, तशी ती तमसेला दिसते. आठपैकी तीन सात्त्विक भाव एका क्षणात. सीता स्वतःच ओशाळते. ज्याने टाकलं त्याच्यासाठी आपलं शरीर असं का करतंय, हे तिला कळत नाही.

दुरावलेल्या नात्यातून गेलेल्या पुष्कळ जणांना ही लाज ओळखीची वाटेल. वर्षानुवर्षांच्या सहवासाने चेतासंस्थेत एका माणसाच्या वासाची, आवाजाची, स्पर्शाची ओळख कोरली जाते. मनाने निर्णय घेतला म्हणून ती पुसली जात नाही. त्या ओळखीचा अर्थ क्षमा असा होत नाही, आणि झालेलं योग्य होतं असाही होत नाही. भवभूतीलाही ते कळत होतं. म्हणून त्याने त्याच अंकात वासंती या वनदेवतेला उभं केलं आहे. ती रामाला तोंडावर जाब विचारते. आणि रामाने यज्ञासाठी दुसरी बायको न करता सीतेचीच सोन्याची मूर्ती केली, हे ऐकल्यावरच सीतेच्या मनातला टाकलेपणाचा काटा निघतो. शरीर आधी वितळलं होतं. मनाला पुरावा हवा होता.

कोंडलेलं दुःख

रामाच्या दुःखासाठी भवभूतीने वैद्यकातला दाखला घेतला आहे. औषध भांड्यात बंद करून, वरून लिंपून आगीत ठेवतात, त्याला पुटपाक म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही, आत सगळं शिजत असतं. राजाने रडायचं नसतं, म्हणून रामाचं बारा वर्षांचं दुःख असं आतल्या आत भाजत राहिलं.

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९०च्या दशकात यासारखीच गोष्ट प्रयोगशाळेत पाहिली. मन हलवणारी चित्रफीत पाहताना काही जणांना चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्याची सूचना होती. त्यांचे चेहरे शांत राहिले, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांवरची अनुकंपी चेतासंस्थेची हालचाल वाढली. झाकण लावल्याने आच कमी झाली नाही.

दुःखाचा थेट फटका हृदयालाही बसू शकतो. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ताकोत्सुबो या विकाराचं वर्णन केलं. जिवलग माणसाच्या मृत्यूसारख्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगून नीट आकुंचन पावत नाही. लक्षणं हार्ट अटॅकसारखी असतात, पण रक्तवाहिनीत तसा अडथळा सापडत नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये हे जास्त आढळतं आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. म्हणून दुःखाच्या वेळी छातीत दुखलं तर मनाचं आहे म्हणून घरी बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

भवभूतीने कोंडलेल्या दुःखावर उपायही सांगितला आहे, आणि तो तलावांच्या मुलखातल्या माणसाला चटकन पटेल असा आहे. तलाव काठोकाठ भरला की पाण्याला वाट काढून देणं हाच इलाज, नाहीतर पाळ फुटते. दुःखाने भरलेलं मनही रडून, बोलूनच टिकतं, असं तमसा सीतेला सांगते. नवेगावबांधसारखे गोंदियातले मोठे तलाव भवभूतीच्या कितीतरी शतकांनंतर बांधले गेले, त्यामुळे त्याने तेच पाहिले असं म्हणता येणार नाही. पण सांडवा नसलेला तलाव पावसाळा काढत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बदललेला शेवट

वाल्मीकी रामायणात सीता शेवटी भूमीत जाते. भवभूतीने हा शेवट बदलला. सातव्या अंकात नाटकातच एक नाटक होतं. राम आपल्याच आयुष्याची कथा प्रेक्षक म्हणून पाहतो, आपल्या निर्णयाने सीतेचं काय झालं हे त्याला पहिल्यांदा दिसतं आणि तो बेशुद्ध पडतो. अरुंधतीच्या सांगण्यावरून सीता त्याला हात लावते. पुन्हा तोच स्पर्श, पण आता सगळ्यांदेखत. दोघं आणि त्यांची मुलं एकत्र येतात. त्याआधी अरुंधती जमलेल्या लोकांना सीतेच्या पावित्र्याबद्दल सुनावते, हे महत्त्वाचं. भवभूतीने नुसत्या स्पर्शावर मिटवून टाकलं नाही.

या नाटकाभोवती एक आख्यायिका आहे. राम आणि सीता वनवासात गालाला गाल लावून, असंबद्ध काहीबाही बोलत रात्र घालवतात, असा एक श्लोक यात आहे. भवभूतीने नाटक कालिदासाला ऐकवायला पाठवलं. कालिदास सोंगट्या खेळत होता. ऐकून त्याने एवढंच सांगितलं की एक अनुस्वार जास्त झालाय. तो काढला की अशा रीतीने रात्र संपली याऐवजी रात्रच संपली असा अर्थ होतो. म्हणजे रात्र संपली, बोलणं संपलं नाही. कालिदास भवभूतीच्या काही शतकं आधीचा, त्यामुळे ही गोष्ट घडलेली असू शकत नाही. पण लोकांना भवभूतीच्या प्रेमाचं मर्म कळलं होतं, एवढं ती नक्की सांगते.

भवभूती कधी आणि कुठे वारला, याची नोंद नाही. समानधर्मी माणूस कधीतरी भेटेल, ही त्याची आशा मात्र फळाला आली. एकोणिसाव्या शतकात परशुरामतात्या गोडबोले यांनी उत्तररामचरित मराठीत आणलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी संस्कृत कवींवरच्या आपल्या निबंधांत त्याला मानाची जागा दिली. मग मिराशींनी त्याचं गाव शोधलं.

त्याच्या मते खरं प्रेम कोणतं? सुखात आणि दुःखात जे वेगळं होत नाही, ज्यात मनाला विसावा मिळतो, वय झालं तरी ज्याची गोडी जात नाही आणि काळाने संकोचाचे पडदे गळून पडले की जे निव्वळ स्नेह म्हणून उरतं, ते. चेतासंस्थेच्या भाषेत सांगायचं तर धडधडीने सुरू झालेलं नातं जेव्हा ज्याच्याजवळ श्वास संथ होतो अशा माणसाशी येऊन थांबतं, ते. असं माणूस, त्याच्या मते, फार थोड्यांना आणि मोठ्या भाग्याने मिळतं.